बारदान्यातली बाटली

कामगार सुखात आहेत की नाहीत हे मोजायचं काम मी पोटासाठी करते. हे ऐकून अमरावतीतले आमचे शेजारी हसतात. समोरच्या वहिनी तर दर वेळी फाटकातच अडवतात, "मंग काय, मोजलं का सुख? किती किलो भरलं?" मीही सांगते, "सगळ्यांचं झालं, तुमचंच राहिलं. या, बसा काट्यावर." त्या काही बसत नाहीत.

काम तसं सोपं. पुण्याच्या एका संस्थेचा छापील फॉर्म असतो. कारखान्यात जायचं, एकेका कामगाराला समोर बसवायचं, प्रश्न वाचायचे, उत्तरावर खूण करायची. त्या खुणांची बेरीज करून पुण्याची मंडळी एक आकडा काढतात. तो आकडा मालकाला मिळतो आणि मालक तो आपल्या मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवतो. धारणीच्या लाकूड डेपोपासून परतवाड्याच्या आरा मशिनीपर्यंत मी हे फॉर्म भरून आलेय. पंधरा वर्षं झाली. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की मला कळतं, असा माझा मोठा तोरा होता. तो अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये उतरला, त्याची ही गोष्ट.

एप्रिल होता. अकोल्याचा एप्रिल म्हणजे सांगायलाच नको, सकाळी दहाला डांबर चपलेला चिकटायला लागतं. मिलमध्ये तीसेक बाया कामाला. बहुतेक जुन्या शहरातल्या, मोर्णा नदीच्या पलीकडच्या. यंत्रातून आलेली तूरडाळ पुन्हा एकदा हातानं निवडायची, खडा, काळा दाणा, चुरी बाजूला काढायची, असं त्यांचं काम. लांबच लांब शेड, वर पत्रा, हवेत डाळीची पिवळी भुकटी. प्रत्येकीच्या मांडीशी एक पाण्याची बाटली. बाटलीला बारदान्याचा अंगरखा शिवलेला आणि तो ओला केलेला, म्हणजे पाणी गार राहतं. कुणाचा अंगरखा लाल दोऱ्यानं शिवलेला, कुणाचा हिरव्या. मला ते इतकं आवडलं की मी पहिल्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढला.

या बायांची म्होरकी होती आपा. सगळ्या तिला आपाच म्हणत, मीही म्हणायला लागले. साठीला आलेली, सडपातळ, ओढणी डोक्यावरून घट्ट आवळलेली, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. घरी हिंदी बोलायची, आमच्याशी अस्सल वऱ्हाडी. तिनं पहिल्या मिनिटापासून मला अगं-तुगं केलं. मी आपली आपा तुम्ही, आपा या, करत राहिले. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईनं तसं बोललं तर कुणी मनाला लावून घेत नाही.

तिचाच फॉर्म मी सगळ्यात आधी भरला. पहिल्याच पानावर पाच तोंडं छापलेली. पहिलं रडकं, पाचवं दात काढून हसणारं. "कामाबद्दल आपल्याला कसं वाटतं, ते दाखवा," मी वाचलं.

आपानं चष्मा वर-खाली केला. "हे पाचवं येड्यावानी हासून राहिलं. हे नको."

"मग चौथं?"

"चौथं लिव. पाचवं लिवलं तं दिष्ट लागते. अन् तिसऱ्याच्या खाली गेलं तं भाकरीच्या जागेले नाव ठेवल्यावानी होते. चौथं बरं."

आपानं चार म्हटल्यावर मागच्या सगळ्यांनी चारच म्हटलं. मी म्हटलं, बायांनो, आपापलं सांगा. तर म्हणाल्या, आपापलंच सांगून राहिलो. "आपल्याला कामाच्या ठिकाणी भावनिक सुरक्षितता जाणवते का?" असा एक प्रश्न होता. तो वाचताना माझीच जीभ वळेना. एक जण म्हणाली, "हे काय असते वो ताई?" मी म्हटलं, "कुणी अंगावर ओरडतं का?" ती म्हणाली, "घरी की अठी?" सगळी शेड हसली. मी चारवर खूण केली.

पुढचे प्रश्न हो-नाहीचे.

"पिण्याच्या पाण्याची सोय?"

"हाय ना. कूलर हाय, थंडगार."

"बायांसाठी संडास?"

"हाय. टाइल्स लावेल हाय."

"मागच्या महिन्यात किती दिवस आजारी होता?"

आपा ताठ झाली. "आजारी? मी? एक खाडा नाई माहा."

मी शून्य लिहिलं. तेवढ्यात शेजारची पोरगी म्हणाली, "आपाले काय पुसता ताई, आपाचे तं बारमाही रोजे!" पुन्हा सगळ्या हसल्या, आपानं तिला चुरीची मूठ फेकून मारली. मीही हसले. आपा नुकतीच रमजानचे रोजे करून उठलेली, त्यावरची थट्टा असेल असं मला वाटलं. मी पुढच्या प्रश्नाला गेले.

चार दिवस हे चाललं. रोज अमरावतीहून सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळी परत. दुपारी मालकांच्या ऑफिसात जेवण. मालक माणूस चांगला. स्वतः ताट वाढून द्यायचे, वर "मॅडम, ताक घ्या, ऊन लागन" म्हणून दोन दोन पेले पाजायचे. ऑफिसला लागूनच स्वच्छ संडास, वॉश बेसिन, साबण, टॉवेल. मी दिवसातून तीनदा तरी जात असेन. हे मी मुद्दाम लिहितेय.

चौथ्या दिवशी काम संपलं. मालकांचा ड्रायव्हर जागेवर नव्हता, म्हणून मी बायांच्याच ऑटोत बसले. त्या पुढं जुन्या शहरात जाणार, मला वाटेत बसस्टँडवर सोडणार. सहा बाया, मी सातवी, मांडीवर पिशव्या. ऑटो सिग्नलला थांबला, ऊन तिरपं होऊन थेट तोंडावर. माझ्या घशाला कोरड पडली.

"आपा, पाणी आहे का घोटभर?"

तिनं बाटली पुढं केली. मी झाकण काढलं तर पाणी माझ्या हातावर सांडलं. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि अंगरखा वाळून पाणी चहासारखं गरम झालेलं.

"आपा, ही तर भरलेलीच आहे!"

ती रोज्यांची थट्टा करणारी पोरगी खुदकन हसली आणि तिनं आपली बाटली वर धरली. भरलेली. तिच्या शेजारणीची, भरलेली. लाल दोरा, हिरवा दोरा, सगळ्या भरलेल्या. सकाळी आठला भरून आणलेलं पाणी त्या संध्याकाळी सहाला जवळजवळ तसंच घरी घेऊन चालल्या होत्या, तेही अकोल्याच्या उन्हात.

"अगं, मग आणता कशाला?"

"दोन घोट लागते ना घसा ओला कराले," आपा म्हणाली. "त्याच्यावर नाई पेत."

"अन् उरलेलं परत का नेता? तिथंच झाडाला घालायचं."

"पानी सांडतेत का? आमच्या नळाले कवा पानी येते, तुले काय मालूम. माही बकरी पेते. ते बराबर सहाले दारात उभी रायते."

"पण तुम्ही का पीत नाही?"

आपानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू ही बाई पंधरा वर्षं झोपाच काढत होती. "पेलं तं जा लागते."

"मग जा की! टाइल्स लावलेला संडास आहे ना? तुम्हीच सांगितलं."

"हाय ना. हाय म्हनूनच हाय सांगतलं. कुलूप हाय त्याले. चावी चौकीदाराच्या खोलीत खिळ्याले टांगेल हाय. हरपू नये म्हनून तिले हातभर लाकूड बांधेल हाय. चौकीदाराले मांगा लागते. अन् तठीच सारे हमाल बसते, बिड्या फुकत. तेवढ्या मानसांत जा, म्हना, भाऊ चावी द्या. मंग ते लाकूड मिरवत अख्खं अंगन पार करा. सारे पाह्यते. तुले जमन?"

मी बाटलीचं झाकण लावलं. ती म्हणाली, "आमाले नाई जमत. आमी सकायी निंगतांनी जाऊन येतो, मंग घरीच."

हे बोलताना तिचा हात कमरेच्या उजव्या बाजूवर होता. चारही दिवस तो हात तिथंच असायचा, आता आठवलं. मला वाटायचं, बसून बसून पाठ धरत असेल. मी विचारलं. पोरगीच बोलली, "पथरी हाय आपाले, मुतखडा. डाक्टरनं सांगतलं, दिवसाचं हंडाभर पानी पेलं नाई तं त्या बाजूचा गुर्दा जाईन."

"आपा! तुम्ही मला आजारी नाही म्हणालात!"

"आजारी म्हंजे खाटेवर पडेल मानूस. मी तं कामावर येऊन राहिली. गोयी खातो अन् येतो." मग तिनं माझं मनगट धरलं. "हे कुठी लिऊ नको, बाई. मालक म्हनन, बाया बाहेरच्याइपाशी तक्रारी करते. म्हाताऱ्याइले आधी काडते. माह्या घरी दुसरं कोनी कमावत नाई. लिवशीन नाई ना?"

बसस्टँड आलं. मी हो-नाही काहीच न बोलता उतरले. अमरावतीच्या गाडीत बसून मी आपाचा फॉर्म काढला. पाणी, हो. संडास, हो. आजारी दिवस, शून्य. समाधान, चार. सगळं माझ्या सुरेख अक्षरात, आणि त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मला स्वतःचा असा संताप आला की गाडीत रडायला यायचं तेवढं राहिलं. चार दिवस मी मालकांच्या साबणानं हात धुतले आणि बाहेर येऊन बायांना विचारलं, संडास आहे का? आपण इथं जातो, मग या बाया कुठं जात असतील, एवढं साधं डोक्यात आलं नाही. कसलं डोंबलाचं मोजमाप!

पुण्याला फोन करून मी एक दिवस वाढवून मागितला. फॉर्म तपासायचे आहेत म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोल्याला गेले, पण ऑफिसात गेलेच नाही. सरळ शेडमध्ये बायांच्या रांगेत बसले, समोर सूप ओढलं. म्हटलं, आज मी तुमच्यासारखी. आपा म्हणाली, "आता काय पाह्यजे हिले?" पण जागा दिली.

फक्त एक गोष्ट मी वेगळी केली. पाणी प्यायले. पोटभर, दोन बाटल्या. मला ते कुलूप उघडून दाखवायचं होतं. मी पन्नाशीची बाई. तहसीलदारापुढं टेबलावर हात आपटलेत, आरा मशिनीच्या मालकाशी भर चौकात भांडलेय. चावी मागायची ती काय मोठी गोष्ट, असं मनाशी म्हणत साडेबाराला उठले.

अंगण पार केलं. खोलीच्या सावलीत पंधराएक हमाल जेवायला बसलेले, डबे उघडे. मी आले तशी सगळ्यांची तोंडं वर झाली. कुणाच्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं, माणसं नुसती पाहत होती. आत खिळ्याला ते लाकूड लटकलेलं. चौकीदार उठून उभा राहिला, "काय पाह्यजे मॅडम?"

मी तोंड उघडलं. आणि मी म्हणाले, "किती वाजले?"

त्यानं माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "साडेबारा," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं आणि परत आले.

शेडमध्ये बायांनी मान वर केली नाही, पण सगळ्यांचे खांदे हलत होते. आपा तोंडावर ओढणी दाबून हसत होती. "काय वो, उघडलं का कुलूप?" मला हसूही येईना आणि रागही. पोटात कळ यायला लागली होती. अर्धा तास तशीच दाणे निवडत बसले. खडा कुठला आणि डाळ कुठली काही दिसेना. शेवटी उठले आणि सरळ ऑफिसात मालकांपुढं जाऊन उभी राहिले.

आत जायच्या आधी मी एक ठरवलं होतं. बायांचं नाव घ्यायचं नाही. जे बोलायचं ते माझ्या अंगावर घेऊन.

"भाऊ," मी म्हटलं, "मला तुमच्या ऑफिसातला नाही, बायांचा संडास वापरायचा आहे."

ते गोंधळले. "हाच वापरा ना मॅडम. हा चांगला हाय."

"तोही चांगला आहे. टाइल्स आहेत."

"हो ना! मी सोता लावल्या." त्यांचा चेहरा खुलला. "अन् कुलूपही त्याच्यासाठीच लावलं. ट्रकवाले येऊन घान करत होते. बायाइले स्वच्छ भेटलं पाह्यजे."

"मग मला तेवढी चावी आणून द्या. तुम्ही स्वतः जा. त्या पंधरा माणसांत उभं राहून मोठ्यानं मागा, आणि ते लाकूड हातात घेऊन अंगणातून या. मी आत्ता गेले होते, मला जमलं नाही. घड्याळ विचारून परत आले."

ते हसायला लागले. मग माझ्याकडं पाहून थांबले. खुर्चीतून अर्धे उठले, पुन्हा बसले. मान वळवून त्यांनी आपल्या पाठीमागच्या संडासाच्या दाराकडं पाहिलं. "घरच्या बाया आल्या तं इथंच जाते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "दोन वर्सं झाले कुलूप लावून. एक जन बोलली नाई मले."

"तुम्हाला? बोलतील?"

"नाई," ते म्हणाले. "कसं बोलतीन."

त्यांनी चौकीदाराला हाक मारली आणि माझ्यासमोर कुलूप काढून मागवलं. आतून कडी होतीच, ट्रकवाल्यांसाठी फाटकाजवळची जुनी मुतारी उघडायची ठरली. पण उत्साहाच्या भरात मालकांनी एक घोळ घातलाच. शेडच्या दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "बायाहो, संडासचं कुलूप काडलं बरं! बिनधास्त जा!" हमालांनी ऐकलं, चौकीदारानं ऐकलं. शेडमध्ये एकही मान वर झाली नाही. आपानं माझ्याकडं जो कटाक्ष टाकला तो मी विसरणार नाही.

"केला ना बोभाटा?" ती दातांखालून म्हणाली. "आता आमीच सांगतलं, असंच समजन तो." त्या दिवशी कुणीही त्या दाराकडं फिरकलं नाही. त्यानंतर आपा माझ्याशी एका शब्दानं बोलली नाही. मी आपल्या हातानं तिचं काम घालवलं की काय, हेच डोक्यात होतं. मी निघाले तेव्हा बाटल्या भरलेल्याच होत्या.

फॉर्मच्या शेवटी शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते. मी तिथं कुलूप, चावी, लाकूड आणि बाटल्या असं सगळं लिहिलं, कुणाचंही नाव न घेता. पुण्याहून फोन आला. आवाज तरुण, सभ्य. "मॅडम, शेरा आपण मोजत नाही. पण तुमचा डेटा फार सुंदर आहे. सगळ्यांची उत्तरं किती जुळतात!" मी म्हटलं, "जुळणारच. सगळ्या एकीचं ऐकून बोलल्यात." तो म्हणाला, "म्हणजे टीमवर्क छान आहे." मी फोन ठेवला. मिलला चांगला आकडा मिळाला.

वर्ष गेलं. आपाचा फोन नंबर माझ्याकडं नव्हता, आणि मालकांना विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा एप्रिलमध्येच त्या मिलमध्ये गेले. शेडच्या दारात चपला काढल्या आणि पहिली नजर तिच्या जागेवर. जागा रिकामी होती. सूप तसंच पडलेलं, शेजारी कुणी नाही.

"आपा?" मी विचारलं.

ती रोज्यांची थट्टा करणारी पोरगी माझ्याकडं पाहून म्हणाली, "आपा दवाखान्यात गेलती ना ताई, पावसाळ्यात. आपरेशन झालं तिचं."

"मग? आता कुठंय?"

सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या, आणि पुन्हा तेच, खांदे हलायला लागले. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि या भवान्या हसत होत्या. तेवढ्यात अंगणाच्या त्या टोकाला कडी वाजली. टाइल्सच्या संडासाचं दार उघडून आपा बाहेर आली. ओढणीला हात पुसत, हमालांच्या समोरून, सावकाश चालत आली. एकानं तिला बसल्या जागेवरून वाट करून दिली.

"आली का सुख मोजनारी?" ती म्हणाली आणि सूप ओढून बसली.

मी तिच्यासमोर बसकण मारली. बोलायचं खूप होतं, पण फॉर्मच काढला. तीच पाच तोंडं. ती म्हणाली, "चारच लिव." मी चार लिहिलं. पाण्याची सोय, हो. संडास, हो. मागच्या वर्षीसारखीच उत्तरं, त्याच खुणा, आकडा तोच येणार.

"आपा, गुर्दा?"

"डाक्टर म्हनते, वाचला. आणखी एक उन्हाळा तसाच काडला असता तं गेला असता म्हनते." डाळीवरून बोटं फिरवत ती म्हणाली. "मालकानं काडलं नाई कामावरून. आधी आठ दिवस आमी कोनीच गेलो नाई तिकडं, शरमेनं. मंग मीच उठलो. म्हटलं, म्हातारीले कोन पाह्यते! माह्या मांगून साऱ्या गेल्या."

मग तिनं मांडीशी हात घातला आणि बारदान्यातली बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. उचलली तर हलकी लागली. दुपारचे बारा वाजले होते आणि आत थेंब नव्हता.

"नुसतं लिवत काय बसली?" आपा म्हणाली. "जा, भरून आन."

मी फॉर्म खाली ठेवला आणि कूलरकडं गेले.